कुंदा मध्यंतरात उठली

फाल्गुन सरत आला की काजूच्या बोंडूंचा वास डोंगरावरून साखळीत उतरतो. गोड, आंबूस, शेवटी शेवटी कुजका. झाडांखाली पडलेला, पायांखाली तुडवला गेलेला, दारूच्या भाटीवर आटत असलेला वास. ज्यांना तो आवडतो ते पणजीहून गाड्या घेऊन येतात आणि हुर्राकाच्या बाटल्या भरून नेतात. ही काजूची पहिल्या धारेची दारू हंगामापुरतीच मिळते, म्हणून तिचं अप्रूप. मी मात्र या दिवसांत खिडक्या लावून घेते. शेजारची सून येऊन म्हणते, "टीचर, उकडना तुमकां?" उकडतं, मी म्हणते, आणि खिडकी तशीच ठेवते. एवढ्या वर्षांत तिने कारण विचारलेलं नाही, मीही सांगितलेलं नाही.

तो हंगाम आला तेव्हा मी साखळीत नवी होते. माझं गाव पेडण्याकडचं. गोवा मुक्त झाल्यावर गावोगाव मराठी शाळा निघाल्या, आणि आमच्या घरांतल्या मुली शिकून मास्तरणी होऊ लागल्या. मला साखळीची शाळा मिळाली. वडिलांनी ट्रंक बसवर चढवली, भाड्याची खोली पाहून दिली आणि शेजारच्या खोलीत सरकारी दवाखान्यातली नर्स राहते हे कळल्यावर निर्धास्त होऊन परत गेले. त्या नर्सचं नाव मालिनीताई. चाळिशीची, विधवा, आवाजाने मोठी. अर्ध्या साखळीची बाळंतपणं तिच्या हातची होती, त्यामुळे तिला कुणी नाही म्हणत नसे.

साखळीत तेव्हा सगळीकडे लाल धूळ होती. खाणीवरून माल भरून ट्रक नदीकडे जात, धक्क्यावर रिकामे होत आणि परत येत. दोरीवरची धुतलेली पातळं संध्याकाळी गेरूत बुडवल्यासारखी व्हायची. पोदेराच्या पावावर, देवाच्या फुलांवर, मुलांच्या पापण्यांवर धूळ. मालिनीताई म्हणायची, "हांगा माणूस मेला तर त्याला वेगळी माती द्यायला नको. अर्धी आधीच पोटात गेलेली असते."

तिनेच आमचं मंडळ काढलं. रविवारी दुपारी म्हापशाला जायचं, मॅटिनीचा खेळ पाहायचा आणि दिवेलागणीला घरी. सिनेमा दर आठवड्याला वेगळा, तो निवडण्याची पाळी दर आठवड्याला वेगळीची. नाव तिने मोठं ठेवलं होतं, महिला चित्रपट मंडळ. प्रत्यक्षात आम्ही चौघी. मालिनीताई, मी, ब्लाऊज शिवणारी उषा आणि कुंदा.

कुंदा ट्रक ड्रायव्हरची बायको. दोघं नवराबायको सावंतवाडीकडची, खाणीच्या कामासाठी साखळीत आलेली. नवऱ्याचं नाव गजानन. घरात त्याची आई आणि सुमन नावाची मुलगी, जी माझ्या वर्गात पहिलीत होती. मालिनीताई कुंदाला मंडळात घ्यायला गेली तेव्हा मी बरोबर होते. सासू ओसरीवर काजूच्या बिया वाळत घालत होती.

"सिनेमा बगून कोणाचा पोट भरता?" ती म्हणाली.

"भरत नाय, आये," मालिनीताई म्हणाली. "पण तुमच्या सुनेचं दुसरं मूल पोटात गेलं तेव्हा मी तिथे होते. त्या दिवसापासून ती घराबाहेर पडलेली नाही. तिला जरा हवा लागू दे."

दारात पाय धूत असलेला गजानन म्हणाला, "आयतार एक दिस. जावंदे गे तिका."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे गावाने त्याच्याबद्दल नाही नाही ते म्हटलं. तो तिला मारत नव्हता. हंगामात हुर्राक पीत असे, पण पिऊन गप्प बसे. सासू बोलायची, पण कुठली सासू बोलत नाही? त्या घरात पळून जावं असं काही नव्हतं. राहावं असं काय होतं, हे मात्र आम्ही कुणी कधी तिला विचारलं नाही. तो प्रश्न बाईला विचारायचा असतो, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

रविवार. जेवणं उरकून आम्ही बसस्टॉपवर जमत असू. केसांना आबोलीचा गजरा आणि त्यावर धुळीसाठी फडकं बांधलेलं. बसला आमच्याकडे कारेर म्हणतात. डिचोली मागे पडली, अस्नोड्याचा पूल आला की उषा फडकं सोडायची आणि म्हणायची, "संपली धूळ!" मग आम्हीही सोडायचो. जाताना कुंदाला खिडकी लागायची. येताना ती खिडकी कुणालाही देऊन टाकायची. एकदा थिवीच्या आसपास, दोन्ही बाजूंना काजूची झाडं लाल-पिवळी लगडलेली, वाऱ्यावर तोच वास, आणि कुंदा म्हणाली, "बाई, ही कारेर म्हापशाक थांबूकच नको. अशीच जावंदे. खय जाता तां बगूया."

"समुद्रात जाईल," मी म्हटलं.

"जावंदे."

आम्ही हसलो. तीही हसली.

थिएटरातला अंधार मला अजून आठवतो. बाहेर चैत्राचं ऊन असायचं, डोळे दिपलेले असायचे, आणि पडदा सारून आत शिरलं की काहीच दिसायचं नाही. हाताने चाचपत खुर्च्या शोधायच्या. पंख्यांचा घरघराट, घामाचा आणि भाजलेल्या चण्यांचा वास, पुढच्या रांगेतल्या बाप्यांच्या शिट्या. मग पडदा उजळायचा आणि आपण नाहीसे व्हायचो. मला वाटतं आम्ही सिनेमासाठी जातच नव्हतो. त्या तीन तासांत कुणी हाक मारत नसे. उषाला कुणी हूक तुटला म्हणत नसे, मालिनीताईला कळा सुरू झाल्या म्हणत नसे. मी एकटीच सडी होते, मला हाक मारणारं तसंही कुणी नव्हतं, पण या तिघींच्या शेजारी बसून मलाही सुटल्यासारखं वाटे.

परतताना मंडळाचा नियम असा, की प्रत्येकीने आपल्याला आवडलेला प्रसंग सांगायचा. उषा नायिकेच्या पातळांबद्दल बोलायची, मालिनीताई आजारपणातल्या चुका काढायची. "असा ताप आलेला माणूस गाणं म्हणेल?" कुंदा प्रसंग सांगत नसे. ती शेवटानंतरचं विचारायची. "लगीन झाला, सगळी हसली, पडदो पडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात चूल कोणी पेटवली असतली?" किंवा, "तो सैन्यातसून परत इलो खरो. पण रात्री तेका झोप लागली असतली?" आम्ही काहीतरी उत्तर द्यायचो. तिचं समाधान होत नसे. फडकं परत डोक्याला बांधून ती पुढे बघत बसे.

त्या रविवारी निवड तिची होती. विनोदी सिनेमा. तिने असा सिनेमा निवडावा याचंच आम्हाला हसू आलं. निघताना सुमन फाटकाला लटकून उभी होती. "आये, माका काय हाडतलंस?" कुंदा म्हणाली, "काय व्हया तां बापाशीकडे माग." एवढंच. जवळ घेतलं नाही, मागे वळून पाहिलं नाही, रडली नाही. मी हे कितीदा तपासून पाहिलं आहे. तिने नेसलेलं हिरवं पातळ रोजच्या वापरातलं होतं. अंगावर मंगळसूत्राशिवाय काही नव्हतं. हातात घरून काही घेतलेलं नव्हतं.

सिनेमा खरंच मजेचा होता. मध्यंतरापर्यंत कुंदा इतकी हसली की तिने माझा दंड धरला. तिचा हात घामाने ओला होता. दिवे लागले तेव्हा तिने पदराने डोळे पुसले आणि चण्यांचा पुडा माझ्या हातात दिला.

"धरा बाई. मी पानी पिऊन येतंय."

"मी येऊ?"

"नको. जागा जायत."

ती रांगेतून गुडघे चुकवत गेली. दारातल्या उजेडात तिची पाठ दिसली. मग दुसरी माणसं मध्ये आली.

दिवे विझले तरी ती आली नाही. आम्हाला वाटलं, गर्दीत मागेच कुठे बसली असेल. मालिनीताई म्हणाली, "येईल. बघू दे तिला." मी चणे खाल्ले नाहीत. लोक हसत होते, मीही दोनदा हसले. खेळ संपल्यावर आम्ही दारात उभ्या राहिलो आणि बाहेर पडणारी प्रत्येक बाई पाहिली. थिएटर रिकामं झालं. मालिनीताई परत आत गेली, बायकांच्या मोरीत पाहून आली. दारावरचा माणूस म्हणाला, हिरव्या पातळातली बाई बसस्टँडकडे गेली. शेंगदाणेवाली म्हणाली, नाही, बाजाराकडे. आम्ही दोन्हीकडे गेलो. रविवारचा बाजार बंद होता. रिकाम्या ओट्यांवर कुत्री झोपलेली. बसस्टँडवर मालिनीताईने प्रत्येक कंडक्टरला विचारलं. डिचोली, पणजी, पेडणे, सावंतवाडी, बेळगाव. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की म्हापशाहून किती ठिकाणी जाता येतं.

पोलिसांत सांगून आम्ही परतलो. खिडकीजवळची जागा रिकामी राहिली आणि अस्नोड्याला एक परका माणूस तिथे येऊन बसला.

गजानन ओसरीवरच होता. कामावरून आलेला, तोंडावर धूळ, खांद्यावर सुमन पेंगलेली. आमच्या मागे कुंदा असेल म्हणून तो आमच्या मागे बघत राहिला.

"खय सोडलात तिका?"

मालिनीताईने सांगितलं. मी तिचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता. सासूने ऊर बडवून घेतला. गजाननने मुलीला अलगद खाली उतरवलं, ट्रकची किल्ली घेतली आणि जसा होता तसा निघून गेला. सुमन जागी झाली. तिने आम्हा तिघींकडे पाहिलं.

"आई खय?"

"येतली हां," मालिनीताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुमन शाळेत आली. झगा उलटा घातलेला, शिवण बाहेर. स्वतःच्या हाताने घालून आली होती. वर्गातल्या एका मुलाने बोट दाखवलं, तेव्हा मी त्याला इतक्या जोरात ओरडले की सगळा वर्ग रडू लागला. सुमन सोडून.

मग बातम्या येऊ लागल्या. बेळगावात दिसली. मुंबईला एका बाईच्या घरी स्वयंपाकाला आहे. पत्रादेवीच्या नाक्यावर कुणाबरोबर तरी ट्रकमध्ये बसताना पाहिली. प्रत्येक बातमीमागे गजानन गेला. नार्व्याला नदीत एका बाईचं प्रेत लागलं तेव्हा त्याने मालिनीताईला बरोबर चल म्हटलं, आणि तिने मला. काठावर चटईखाली ती बाई होती. लोक बाजूला उभे. गजानन पुढे गेला, चटई उचलली, बराच वेळ पाहिलं. परत येऊन तो माडाच्या बुंध्याशी बसला.

"ती नाय," तो म्हणाला.

मालिनीताईने सुस्कारा सोडला. "देवाची कृपा."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग तो हमसून हमसून रडला. ती नव्हती म्हणून. आता परत शोधायचं होतं म्हणून. त्या दिवशी मी पाहिलं की मेलेल्या माणसाला पोचवून माणूस घरी परत येतो. गजानन घरी परत येऊ शकत नव्हता.

तो सिनेमा लागलेला होता तोवर तो रोज जाऊन बघत होता. हे मला त्यानेच सांगितलं, शाळेच्या फाटकाशी उभा राहून. "मी सगळो बगलंय, बाई. नीट बगलंय. तेच्यात कायएक नाय. लोक पडतत, हसतत, एकमेकांची टोपी पळवतत. तेच्यात घर सोडून जावचा असा काय होता?" तो सिनेमा गेला, दुसरा आला, तरी पुढे कितीतरी वर्षं रविवारी दुपारी त्याचा ट्रक म्हापशाला थिएटरच्या समोर उभा असे. खेळ सुटायच्या वेळी तो खाली उतरे आणि बाहेर येणाऱ्या बायका पाहत उभा राही. लोकांनी त्याला वेडा ठरवलं. दुसरं लग्न कर म्हणून सगळे मागे लागले. "ती इली तर?" तो म्हणायचा.

आमचं मंडळ त्या रविवारीच संपलं. गाव म्हणालं, नर्सने सिनेमाचा नाद लावला आणि चांगल्या घरची सून घालवली. उषाच्या सासरच्यांनी तिला घरातून बाहेर पडणं बंद केलं. शिवणाचं मशीन ओसरीवरून माजघरात गेलं. बाळंतपणाला मालिनीताईला बोलावताना लोक अडखळू लागले. ज्यांच्या पोरांची नाळ तिने कापली होती ते रस्त्यात तोंड फिरवायचे. तिने बदली मागून घेतली. जाण्याच्या दिवशी ती माझ्या खोलीत येऊन उभी राहिली. "मी तिला हवा लागू दे म्हटलं होतं," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती कुणाशी फारसं बोलत नसे असं ऐकलं. पेडण्याला तिच्या भाचीच्या घरी ती वारली. माझ्या माहेरापासून जवळच, पण मला दहनानंतर कळलं.

सुमनला आजीने गावी नेलं. मी साखळीतच राहिले. लग्न केलं नाही. या गोष्टीमुळे नाही, पण या गोष्टीनंतर कुणी विचारायलाही आलं नाही. थिएटरात मी पुन्हा गेले नाही. टीव्ही आला, लोक घरात बसून बघू लागले. पुढे खाणी बंद झाल्या, ट्रक गंजले, धूळ खाली बसली. लोकांचं काम गेलं आणि पातळं पांढरी राहू लागली. डोंगर मात्र अर्धे उरले आहेत. त्या अर्ध्या डोंगरांवरचे काजू वेळच्या वेळी पिकतात.

मी पुष्कळ वर्षं कुंदावर रागावले होते. नंतर तिच्याबद्दल वाईट वाटे. नंतर हेवा वाटायचा, हेही खोटं नाही. आता यांतलं काही उरलं नाही. आपल्या शेजारी बसून हसणाऱ्या, आपला दंड धरणाऱ्या माणसाच्या आत काय चाललं आहे हे आपल्याला कळत नाही, कधीच कळणार नाही, एवढंच उरलं आहे. त्यात समाधान शोधायचा प्रयत्न मी करून पाहिला. नाही सापडलं.

गेल्या आठवड्यात भर दुपारी दार वाजलं. बाहेर पन्नाशी ओलांडलेली एक बाई उभी होती. घामेजलेली, हातात पिशवी.

"बाई, वळखलास? मी सुमन. गजानन डायवराची."

मी तिला आत घेतलं. पाणी दिलं. ती सावंतवाडीकडेच असते, नातवंडं झाली आहेत. गजानन गेल्या वर्षी याच दिवसांत वारला. तिने ते सरळ सांगितलं, जसं खूप दिवस सांगून झालेलं माणूस सांगतं. मग पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"उद्या बाबांचा वर्साचा श्राद्ध. चुलतभाऊ करतलो. काल भट इले आणि इचारूक लागले, आवशीचा पान वाढूचा काय नाय?"

"ती जिती आसा तर पान वाढूचा नाय. गेली आसात तर वाढूक व्हया. घरात कोणाक ठाऊक नाय. बाबा असताना हो विषय काढूची सोय नव्हती." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मालिनीबाई गेली, उषाकाकी गेली. तिच्या शेजारी तुमी बसल्लात. तुमी सांगा, बाई. माजी आवस आसा काय गेली?"

मला काय माहीत होतं? तिच्याइतकंच मलाही काही माहीत नव्हतं. आहे म्हटलं असतं, तर एवढी वर्षं कुठेतरी जेवत, झोपत, सणवार करत असलेली आई मी तिच्यापुढे उभी केली असती, आणि ती आई एकदाही आली नव्हती. गेली म्हटलं असतं, तर मी पाहिलेलं नसलेलं मरण माझ्या तोंडातून बाहेर पडलं असतं. सुमन माझ्याकडे बघत होती. तिला कुठलं उत्तर हवं आहे ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"गेली असणार, सुमन," मी म्हटलं. "जिवंत असती तर तुझ्यासाठी आली असती."

तिने मान हलवली. सावकाश, बऱ्याच वेळा. मग पिशवी खाली ठेवून उठली.

"न्हाणी खय आसा?"

मी मागचं दार दाखवलं. ती नेसत्या पातळानिशी आत गेली. आधी तांब्याचा आवाज आला, डोक्यावरून पाणी पडल्याचा. मग परत. मरणाची बातमी कितीही उशिरा कानावर आली तरी न्हाऊन घ्यायचं असतं, तसं ती न्हात होती. मग पाण्याचा आवाज थांबला आणि ती रडू लागली. लहान मुलीसारखी, मोठ्याने, दम घेत घेत. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी राहिले.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. टॉवेल घेतला, डोकं टिपलं, माझ्या पाया पडली. चहा नको म्हणाली. ओल्या पातळात तशीच उन्हात चालत बसस्टॉपकडे गेली.

ती वळणाआड गेल्यावर मी न्हाणीत आले. बादली भरायला लावली. भरल्यावर खाली बसले आणि पहिला तांब्या डोक्यावर ओतला.